जुने द्या, नवे घ्या: एका सोयीच्या पुण्याचा प्रतिवाद

पुण्याच्या सुस्थित मध्यमवर्गात कपड्यांविषयीचे एक मत इतके खोलवर रुजले आहे की, त्याची कधी चर्चाही होत नाही. वापरून झालेले कपडे गरजूंना द्यावेत, त्यामुळे मोकळ्या झालेल्या कपाटात नवे आणावेत आणि या देवघेवीत सगळ्यांचेच भले होते, असे हे मत आहे. त्याच्या पुरस्कर्त्यांच्या भाषेत ते असे मांडता येईल: गरिबाच्या अंगाला कपडा मिळतो, देणाऱ्याला समाधान मिळते, नव्या खरेदीमुळे विणकरापासून दुकानातील विक्रेत्यापर्यंत सर्वांच्या हाताला काम मिळते, शिवाय आपल्याकडे चिंधीसुद्धा वाया जात नाही, तेव्हा कपड्यांच्या कचऱ्याची चिंता पाश्चात्त्यांनी करावी, आणि दुसऱ्याने वापरलेला कपडा विकत घेऊन अंगावर घालणे हे एक तर नाइलाजाचे लक्षण आहे किंवा परदेशी खूळ आहे. या मताची सगळी ताकद त्याच्या सोयीत आहे, कारण ते पाळणाऱ्याला काहीच सोडावे लागत नाही. परंतु त्यातील एकेक विधान उजेडात धरून पाहिले तर एकही टिकत नाही. कपड्यांच्या बाबतीत ज्याला नीतीने वागायचे आहे, त्याने जुन्या कपड्याकडे केवळ देण्याची वस्तू म्हणून पाहणे सोडले पाहिजे आणि घेण्याची, घालण्याची वस्तू म्हणून त्याच्याकडे पाहण्यास शिकले पाहिजे.

हे मत तपासण्यासाठी कात्रजसारखी जागा शोधून सापडणार नाही. पुण्याच्या दक्षिण टोकाला, घाटाच्या पायथ्याशी असलेले हे जुने गाव आता शहरात पूर्ण विरघळले आहे, आणि पेशवेकालीन तलाव, दूध संघाची डेअरी व प्राणिसंग्रहालय ही त्याची ओळख मागे पडावी इतक्या वेगाने सातारा रस्ता, आंबेगाव, संतोषनगर आणि कोंढवा रस्त्याच्या अंगाने ते वाढले आहे. येथे नवी गृहसंकुले आहेत, ती बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या वस्त्या आहेत, शिक्षणासाठी बाहेरगावाहून आलेले विद्यार्थी आहेत, आणि महापालिकेचे कचरा हस्तांतरण केंद्रही आहे, म्हणजे लहान गाड्यांनी गोळा केलेला कचरा जेथे मोठ्या वाहनांत भरून पुढे पाठवला जातो ते ठिकाण. कपडा विकत घेणारा, तो अंगावरून उतरवून देणारा, ज्याला तो पोहोचतो असे मानले जाते तो आणि ज्याला तो कचऱ्यातून वेगळा काढावा लागतो तो, हे चौघेही येथे एकमेकांपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर राहतात. दिलेल्या कपड्याचे पुढे काय होते, हे पाहायला कात्रजमधील कोणालाही लांब जावे लागत नाही. पाहण्याची इच्छा तेवढी हवी.

पहिले विधान गरजेविषयीचे आहे. गरिबाला कपडा लागतो हे कोण नाकारेल? पण त्याला कोणता कपडा लागतो, हे देणारा किती वेळा विचारतो? बांधकामावर माल कालवणाऱ्या मजुराला ऊन आणि सिमेंट या दोन्हींपासून कातडी वाचवणारा, पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट हवा असतो. डोक्यावर घमेले घेऊन जिना चढणाऱ्या बाईला पायात न अडकणारी, रोज धुऊन टिकणारी साडी हवी असते. त्यांच्या मुलांना जूनमध्ये गणवेश आणि डिसेंबरमध्ये स्वेटर हवा असतो. संकुलाच्या फाटकाशी ठेवलेल्या खोक्यात मात्र चेन बिघडलेल्या जीन्स, काखेत विरलेले टी-शर्ट, एकाच समारंभात मिरवलेले चकचकीत झगे आणि दुसऱ्या कोणाच्याही मापाला न बसणारे ब्लाउज येऊन पडतात. ‘माणुसकीची भिंत’ या नावाने अनेक शहरांत कपडे टांगून ठेवण्याची सोय झाली, तेथेही चांगला कपडा हातोहात जातो आणि कोणालाच नको असलेल्या कपड्यांचा ढीग भिंतीच्या पायाशी साचत राहतो. हे देणे गरज पाहून होत नाही, कपाट पाहून होते. आणि जे देणे घेणाऱ्याच्या गरजेवर ठरत नाही, त्याला मदत कशी म्हणायची?

संकटकाळात हा दोष उघडा पडतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडून राहिले, कारण घरदार गमावलेल्या कोळी कुटुंबांनाही कोणाचेही उतरलेले कपडे अंगाला लावणे अपमानाचे वाटले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर पाण्याखाली गेले तेव्हा पुण्याची मदत कात्रजच्या बाजूने जाणाऱ्या महामार्गानेच दक्षिणेकडे निघाली. अशा प्रत्येक वेळी मदतकार्यात उतरलेल्यांना जुने कपडे पाठवू नका अशी विनंती करावी लागते, कारण ते निवडण्यात माणसांचे दिवस जातात आणि निवडून उरलेल्याची विल्हेवाट संकटग्रस्त गावालाच लावावी लागते. या क्षेत्रात सर्वांत गंभीरपणे काम करणाऱ्या ‘गूंज’ या संस्थेचा अनुभवही दानाच्या बाजूने साक्ष देत नाही. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या आणि जिच्या कामासाठी त्यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला त्या या संस्थेने फुकट वाटपाची वाट सोडून दिली. गावाने विहीर खणावी, रस्ता किंवा पूल बांधावा आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात कपडे घ्यावेत, अशी पद्धत तिने रुजवली. त्याआधी प्रत्येक कपडा तपासावा, दुरुस्त करावा, मापाप्रमाणे लावावा लागतो आणि जे घालण्याजोगे नाही त्यातील सुती कापडाचे सॅनिटरी पॅड करावे लागतात. देणाऱ्याने पाच मिनिटांत हातावेगळ्या केलेल्या पिशवीमागे इतरांचे इतके श्रम उभे राहतात, हे पिशवी बांधताना कोणाच्या मनात येते?

दानाविरुद्धचा हा आक्षेप नवाही नाही. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला महात्मा गांधींनी परदेशी कापडाची होळी केली, तेव्हा हे कापड जाळण्यापेक्षा उघड्या-नागड्या गरिबांना का देऊ नये, असा प्रश्न विचारला गेला आणि रवींद्रनाथ टागोरांनीही या जाळण्यावर टीका केली. गांधींनी त्यावर दिलेल्या उत्तराचा आशय असा होता की, ज्यांना कामाची गरज आहे त्यांच्या अंगावर दुसऱ्याचे नकोसे कपडे टाकणे हा त्यांचा अपमान आहे. होळीविषयी कोणाचे काहीही मत असो, त्या उत्तरातील नैतिक कसोटी शंभर वर्षांनंतरही तशीच उभी आहे. पुण्याच्या घराघरांत ती आजही मोडली जाते, कारण धुणे-भांडी करणाऱ्या बाईला दिवाळीत पूर्ण पगाराचा बोनस देण्याऐवजी एक वापरलेली साडी देऊन भागवण्याची चाल सुशिक्षित घरांतूनही गेलेली नाही. १९८० साली याच शहरातील मोलकरणींनी संप केला तेव्हा त्यांनी पगारवाढ मागितली होती, हक्काची रजा मागितली होती. जुनी साडी मागितली नव्हती. तरीही साडी देणारा स्वतःला उदार समजतो आणि बोनस मागणारी त्याला लोभी वाटते, इतकी ही समजूत माणसाची दृष्टी फिरवते.

दुसरे विधान असे की, या देशात कापड वाया जात नाही. हे विधान एकेकाळी खरे होते आणि म्हणूनच ते आज जास्त दिशाभूल करते. नऊवारी लुगडे मधोमध विरले की विरलेला पट्टा कापून काढत आणि उरलेले दोन चांगले तुकडे एकमेकांना जोडून पुन्हा नेसत, याला दंड घालणे म्हणत; त्याच्याही पलीकडे गेलेल्या लुगड्याचे जुनेर होई, जुनेराचे थर धावदोऱ्याने शिवून गोधडी होई, गोधडी झिजली की पोतेरे होई आणि शेवटी मातीत जाई. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवले जात आणि थोरल्यावरून धाकट्यावर येत. या साखळीची प्रत्येक कडी दोन गोष्टींवर टिकलेली होती: कापड सुती होते आणि ते वापरणारे घर तेच होते. आज या दोन्ही गोष्टी राहिलेल्या नाहीत. जगात तयार होणाऱ्या एकूण तंतूंपैकी निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पॉलिएस्टरचा आहे, आणि पॉलिएस्टर म्हणजे खनिज तेलापासून काढलेले प्लास्टिकच. ते पाणी शोषत नाही, म्हणून त्याचे पोतेरे होत नाही. गॅरेजवालाही त्याची चिंधी सहसा घेत नाही. अंगाला मऊ लागत नाही, म्हणून त्याची गोधडी कोणी पांघरत नाही. आणि ते मातीत कुजत नाही. परंपरेने ज्या वाटा आखल्या त्या सगळ्या वाटा या कापडासाठी बंद आहेत. आजीच्या गोधडीचा दाखला देऊन नातीच्या पॉलिएस्टरच्या कुर्त्यांचे समर्थन कसे होणार?

कापडाची पारख ज्यांच्या पोटाशी जोडलेली आहे त्यांना हा फरक नेमका कळतो. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या स्त्रीला मराठीत बोहारीण म्हणतात. ती दाराशी बसते, पॅन्ट उलटी करते, बैठकीचा भाग उजेडाकडे धरून विरलेला आहे का ते पाहते, चेन वरखाली करते, शर्टाची कॉलर आणि कफ चाचपते, साडीच्या जरीवरून अंगठा फिरवते आणि गोळे आलेला सिंथेटिक टॉप शब्दही न बोलता बाजूला सारते. तिने उचललेला कपडा धुऊन, रफू करून, इस्त्री करून जुन्या बाजारात येतो. पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूला हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तेथे येणारा कष्टकरी कपडा हातात घेऊन पाहतो, भाव करतो, पैसे मोजतो आणि स्वतःच्या निवडीने तो घालतो. दान घेणाऱ्याला जो मान कधीच मिळत नाही तो या गिऱ्हाइकाला मिळतो, आणि म्हणूनच हा व्यवहार फाटकाशी ठेवलेल्या खोक्यापेक्षा नीतीच्या अधिक जवळचा आहे. बोहारणीने बाजूला सारलेले, ढिगात उरलेले कपडे मात्र शेवटी कचरावेचकांच्या हाती पडतात. ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था त्यानंतर या शहराचा कचरा हाताने वेगळा करत आल्या आहेत. त्यांच्या सभासद स्त्रियांना कागद, काच, पत्रा विकून दोन पैसे मिळतात, पण ओल्या कचऱ्यात भिजलेला पॉलिएस्टरचा कपडा कोणताही भंगारवाला तराजूत घेत नाही. त्याचा प्रवास हस्तांतरण केंद्रातून पुढच्या कचरा डेपोकडेच होतो.

यावर पुनर्चक्रीकरणाचे उत्तर दिले जाते. मोठ्या दुकानांत जुने कपडे टाकण्यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात आणि त्यांत कपडे टाकणाऱ्याला पुढच्या खरेदीवर सवलत मिळते. जुन्याच्या बदल्यात नवे घेण्याचे हे आमिष म्हणजे रोगावरचे औषध म्हणून रोगच पुन्हा देणे आहे. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरल्या गेलेल्या साहित्यापैकी एक टक्क्याहूनही कमी साहित्यातून पुन्हा कपडा होतो. पानिपत येथे जुने कपडे रंगावार निवडून, बटणे आणि चेनी काढून, यंत्रात फाडून त्यांच्या तंतूंपासून सूत कातले जाते. या सुताला शॉडी म्हणतात आणि त्यापासून स्वस्त ब्लँकेट विणले जाते. तो उद्योग उपयुक्त आहे, पण फाडताना तंतू आखूड होतो आणि त्यामुळे शर्टाचा पुन्हा शर्ट होत नाही. श्रीमंत देशांनी आपला सगळा अतिरेक दानाच्या आणि निर्यातीच्या वाटेने बाहेर ढकलून पाहिला. चिलीच्या अटाकामा वाळवंटातील कपड्यांचे ढिगारे हे त्याचे फळ आहे. पूर्व आफ्रिकेतील देशांनी २०१६ मध्ये जुन्या कपड्यांची आयात टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले, कारण त्या मालाखाली त्यांचा स्वतःचा वस्त्रोद्योग दबत होता. रवांडाने जकात वाढवून ते अमलात आणले, तेव्हा अमेरिकेने २०१८ मध्ये रवांडाच्या कपड्यांना मिळणारी करमाफी काढून घेतली. ज्यांच्या गरजेच्या नावाने हे कपडे पाठवले जात होते, त्यांनी नको म्हटल्यावर त्यांना शिक्षा व्हावी, यातच हे दान कोणाच्या गरजेसाठी होते ते स्पष्ट होते.

तिसरे विधान रोजगाराचे आहे आणि ते वरकरणी सर्वांत दयाळू दिसते. नवा कपडा घेतला नाही तर कामगार उपाशी राहील, असा त्याचा सूर असतो. पण ज्या कामगाराच्या नावाने ही खरेदी होते, त्याची स्थिती काय आहे? २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११३४ माणसे मेली. तेथे शिवलेला माल जगभरच्या नामांकित दुकानांत जात होता आणि भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशी दिसूनही कामगारांना आत पाठवले गेले होते. त्याहून जवळचे पाहायचे तर २०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. इचलकरंजीच्या परिसरात कापडाच्या रंगाईचे सांडपाणी पंचगंगेत जाते, त्याची किंमत नदीकाठच्या गावांना मोजावी लागते. कपड्याच्या चिठ्ठीवरच्या किमतीत यांपैकी काहीही धरलेले नसते, म्हणूनच ती किंमत इतकी कमी असते.

हंगामागणिक नव्हे तर आठवड्यागणिक नवा माल आणणाऱ्या आणि तो थोड्याच वेळा घालून टाकला जाईल हे गृहीत धरणाऱ्या या पद्धतीला फास्ट फॅशन म्हणतात. वर उल्लेखिलेल्या अहवालानुसार २००० ते २०१५ या काळात जगातील कपड्यांचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले आणि एक कपडा टाकून देण्यापूर्वी जितक्या वेळा घातला जातो ते प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. खरेदीने कामगाराचे कल्याण होत असते, तर इतक्या खरेदीनंतर तो कधीच सुखी झाला असता. कामगाराचे उत्पन्न कपड्यांच्या नगांवर अवलंबून नसते, एका नगामागे त्याच्या हाती काय पडते यावर असते. तेव्हा पाच तकलादू कपड्यांऐवजी दोन टिकाऊ कपडे योग्य किमतीला घेणारा गिऱ्हाईकच त्याचा खरा हितकर्ता आहे. आणि रोजगाराचाच कळवळा असेल तर तो गल्लीतल्या शिंप्यापासून का सुरू होऊ नये? कात्रजच्या प्रत्येक वसाहतीत फॉल-बिडिंग, पिको आणि अल्टरेशनची एक तरी टपरी असते. जुना कपडा मापाला बसवून घेण्याचे पैसे थेट त्या हातात पडतात. जुन्या शिंप्यांनी शिवलेला कपडा उलटा करून पाहिला तर शिवणीच्या आत दोन-दोन बोटे माया सोडलेली आढळते, म्हणजे पुढे सैल करता यावा म्हणून राखलेले जास्तीचे कापड. आजचा स्वस्त तयार कपडा उलटा केला तर शिवण कडेलाच संपते आणि पुढे फक्त ओव्हरलॉकचे दोरे असतात. तो सैल होत नाही, उसवून पुन्हा शिवता येत नाही, कारण तो एकदाच विकला जावा एवढ्यासाठीच बेतलेला असतो.

चौथे विधान शुचितेचे आणि शुभाशुभाचे आहे. परक्याचा कपडा, न जाणो कोणाचा, कदाचित मेलेल्या माणसाचा, अंगाला कसा लावायचा? हा प्रश्न विचारणाऱ्या समाजाच्या स्वतःच्या चालीरीतींतच त्याचे उत्तर आहे. आयुष्यातील सर्वांत मंगल मानलेल्या दिवशी पुण्यातील कितीतरी नवरदेव भाड्याची शेरवानी घालून बोहल्यावर उभे राहतात, आणि ती शेरवानी त्याच मोसमात अनेकांनी घातलेली असते. पदवीदान समारंभाचा झगा भाड्याचा असतो, हॉटेलातील चादर कालच्या पाहुण्याखालची असते. आजीची पैठणी नेसलेल्या नातीचे कौतुक होते, आणि आजी हयात नसेल तर ते अधिकच होते. नवजात बाळाला जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळणे शहाणपणाचे मानले जात असे, कारण नव्या कापडाची खळ त्याच्या कातडीला बोचते. गरम पाणी, साबण, कडक ऊन आणि इस्त्री यांपुढे कपड्यात टिकून राहील असे दूषित काय असते? उलट कारखान्यातून आलेल्या नव्या कपड्यावर सुरकुत्या पडू नयेत म्हणून लावलेली रसायने असू शकतात, आणि म्हणून तोही धुतल्याशिवाय घालू नये. म्हणजे अडचण स्वच्छतेची नाही. भाडे भरले, वारसा सांगता आला किंवा हॉटेल महागाचे असले की परका कपडा चालतो. स्वस्तात मिळाला की तो विटाळतो. या भेदाला शुचिता म्हणणे म्हणजे प्रतिष्ठेच्या भीतीला धर्माचे नाव देणे आहे.

जुन्या कपड्याविरुद्ध एकच आक्षेप असा आहे की, ज्याच्यापुढे मान लववावी लागते. ज्या समाजांवर उतरलेली वस्त्रे शतकानुशतके लादली गेली, त्यांचा तो आक्षेप आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे आणि सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टे अन्न व जीर्ण वस्त्रे द्यावीत असेही सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले, आणि त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि दागिने टाकून देण्यास सांगितले. त्या परंपरेतून आलेल्या कोणी नवा, कोरा, स्वतःच्या पैशाचा कपडाच घालीन असे म्हटले, तर त्याला पर्यावरणाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु हा आक्षेप दान करणाऱ्याच्या बाजूचा नाही, त्याच्या विरुद्ध आहे. वरच्याने नवे घालावे आणि उतरलेले खालच्याला द्यावे, हीच ती जुनी उतरंड. कपड्याचा प्रवास वरून खाली आणि केवळ वरून खालीच होत राहतो तोवर ती मोडत नाही. ती मोडायची असेल तर वापरलेला कपडा आधी त्यांनी घातला पाहिजे ज्यांना नवा परवडतो.

पाचवे विधान असे की, नीतीने कपडे घेणे ही पैसेवाल्यांची हौस आहे, कारण सेंद्रिय सूत आणि हातमाग महाग असतो. सेंद्रिय सूत महाग असेल, पण वापरलेला कपडा तर सर्वांत स्वस्त असतो. मग खर्चाची सबब कोठे उरते? मध्यमवर्गाने जुन्या बाजारात गर्दी केली तर गरिबाला महाग पडेल, हा आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर हाताशी आहे. संकुलांमध्ये, महाविद्यालयांमध्ये आणि नात्यागोत्यात कपड्यांची अदलाबदल व विक्री व्हावी, लहान झालेले गणवेश दर जूनमध्ये शाळेतच पुढच्या इयत्तेच्या मुलांकडून खालच्या इयत्तेकडे यावेत, बाळांचे कपडे एका घरातून दुसऱ्या घरात जावेत. यांपैकी एकाही गोष्टीने जुन्या बाजारातील एकही शर्ट कमी होत नाही. अंतर्वस्त्रे, मोजे यांसारख्या काही गोष्टी नव्याच घ्याव्या लागतील, आणि जे नवे घ्यायचे ते घेताना कापड कशाचे आहे, शिवणीत माया आहे का, रंग पक्का आहे का आणि ते किती वर्षे घातले जाईल हे विचारावे. एवढे करण्यास हौस लागत नाही, थोडी सवड लागते.

आणि ज्या समाजाला ही सवड नाही, त्याला देण्याघेण्याच्या साड्यांसाठी मात्र सवड असते, ही गोष्ट बरेच काही सांगून जाते. लग्नात, बारशात, वास्तुशांतीत मानपान म्हणून द्यायच्या साड्यांसाठी दुकानांत वेगळी कपाटे असतात. त्या घाऊक घेतल्या जातात, घेणारी त्या नेसणार नाही हे देणारीला माहीत असते, देणारीनेही त्या निवडून घेतलेल्या नाहीत हे घेणारीला माहीत असते, आणि घडी न मोडता त्या एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतात. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापण्याइतका विवेक मराठी समाजाने दाखवला. तोच विवेक पुढे नेऊन या साड्या थांबवणे अवघड का असावे? नेसायची नाही अशी साडी विणायला लागलेले तेल, वीज, पाणी आणि श्रम यांचा हिशेब कोणत्या पुण्याच्या खात्यावर मांडायचा?

सर्व विधाने अशी एकेक करून पाहिल्यावर मूळ मतात काय शिल्लक राहते? गरज पाहून दिलेले नसते, म्हणून ते दान होत नाही. कापड कुजत नाही, म्हणून ते जिरत नाही. खरेदी कामगाराला पोहोचत नाही, म्हणून ती परोपकार ठरत नाही. आणि शुचितेचा मुद्दा स्वतःच्याच रीतींपुढे गळून पडतो. शिल्लक राहते ती केवळ कपाट रिकामे करण्याची गरज, आणि ती गरज गरिबाची नाही. तेव्हा निकष बदलला पाहिजे. माणूस किती कपडे देतो यावरून त्याच्या नीतीचे माप ठरू नये. तो किती कमी घेतो, घेतलेले किती वर्षे घालतो, फाटले तर शिवून घेतो की नाही आणि दुसऱ्याने वापरलेले स्वतःच्या अंगावर उघडपणे घालतो की नाही, यावरून ते ठरावे. देण्याला एकच कसोटी लावावी: जो कपडा स्वतःला, स्वतःच्या मुलांना, स्वतःच्या घरातील समारंभात घालायला चालला नसता, तो दुसऱ्याला देऊ नये, आणि जो चालला असता, तो देण्याआधी स्वतः आणखी घालावा. कात्रजच्या संकुलांपासून लक्ष्मी रस्त्याच्या दुकानांपर्यंत ही कसोटी लागू झाली तर दानाच्या पिशव्या निम्म्याहून कमी होतील, आणि तसे झाले म्हणजे गरिबाचे काही हिरावले जाईल अशी भीती कोणी बाळगू नये. त्याला हवी आहे मजुरी, रजा आणि बोनस. ज्यांना त्याच्याविषयी खरेच काही वाटते त्यांनी त्याचे तेवढे देणे आधी द्यावे, आणि जुना कपडा स्वतः घालावा.